ॲबरफॉइलचा पाद्री आणि त्याच्या ग्रंथाचा उत्तरार्ध : एक प्रकरण अभ्यास

स्कॉटलंडमधील ॲबरफॉइल गावच्या जुन्या चर्चच्या आवारात एका थडग्यावर लॅटिन भाषेत काही ओळी कोरलेल्या आहेत. सुवार्तेचा काटेकोर प्रचारक आणि 'हायबर्नियन भाषेचा दीप' असे मास्टर रॉबर्ट कर्क, ॲबरफॉइलचे धर्मोपदेशक, येथे विसावले असून १४ मे १६९२ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, असा त्यांचा अर्थ आहे. हायबर्नियन म्हणजे आयर्लंडची. पण त्या काळी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातील गेलिक भाषेलाही तेच नाव देत असत. दगडावर नाव, हुद्दा, तारीख सगळे व्यवस्थित आहे. तरीही त्याच गावात किमान दोनशे वर्षे असे सांगितले जाते की कर्क या दगडाखाली नाहीत. ते समोरच्या टेकडीच्या पोटात, ज्यांच्याविषयी त्यांनी ग्रंथ लिहिला त्या लोकांच्या कैदेत आहेत.

एका अभ्यासकाचे रूपांतर त्याच्याच अभ्यासविषयातल्या पात्रात कसे झाले, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. परीलोक, पांडित्य आणि प्रेम यांची एकत्र मोट बांधणाऱ्या ऐतिहासिक अद्भुतकथा आज आवडीने वाचल्या जातात. त्यांत एखादी विदुषी किंवा विद्वान टिपणवही घेऊन खेड्यात उतरतो, गावकऱ्यांकडून नियम गोळा करतो, आणि दुसऱ्या भागात त्याच नियमांच्या आधारे कुणाला तरी त्या लोकातून सोडवून आणावे लागते. कर्क यांच्या बाबतीत पहिला भाग त्यांनी स्वतः लिहिला. दुसरा भाग त्यांच्या गावाने रचला, आणि माझ्या मते तो त्यांनी लिहून ठेवलेल्या नियमांना इतका धरून आहे की त्याला उत्तरार्ध म्हणणे अलंकारिक ठरू नये.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा हिशेब चुकता करायला हवा. 'परी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंख, चांदणी लावलेली छडी आणि गुलबकावलीच्या गोष्टीतले सौंदर्य येते. कर्क यांच्या लिखाणातल्या लोकांना पंख नाहीत. गेलिकमध्ये त्यांना 'शी' म्हणतात आणि त्यांच्या राहण्याच्या टेकड्यांनाही त्याच धातूवरून नाव आहे. पण त्यांचे खरे नाव घेणे टाळून डोंगराळ भागातले लोक त्यांना 'भली माणसे' म्हणत. त्यांनी अपकार करू नये म्हणून त्यांना आधीच भले ठरवून टाकायचे, अशी ही रीत आहे. रात्री सापाचे नाव न घेता 'जनावर' म्हणणाऱ्या आणि अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. या लेखात मी सोयीसाठी 'परी' हा शब्द वापरणार असलो, तरी वाचकाने त्यामागे ही 'भली माणसे' धरावीत.

पूर्वपीठिका

कर्क यांचा जन्म १६४४ साली ॲबरफॉइललाच झाला. वडील जेम्स कर्क तेथेच धर्मोपदेशक होते आणि रॉबर्ट हे त्यांचे सातवे अपत्य, सातवा मुलगा. सातव्या मुलाला अदृश्य ते दिसते, अशी त्या भागातली समजूत होती. कर्क यांनी ती आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. त्यांचे शिक्षण सेंट अँड्र्यूज आणि एडिनबरा येथे झाले. १६६४ मध्ये ते ॲबरफॉइलच्या उत्तरेला असलेल्या बालव्हिडर येथे धर्मोपदेशक झाले आणि सुमारे २१ वर्षांनी, १६८५ मध्ये, वडिलांच्या जुन्या जागी ॲबरफॉइलला आले.

त्यांच्या हयातीत त्यांची ओळख होती ती भाषेच्या कामामुळे. बायबलमधील स्तोत्रे गेलिकमध्ये वृत्तबद्ध करण्याचे काम आर्गाइलच्या धर्मसभेने हाती घेतले होते आणि १६५९ मध्ये पहिली ५० स्तोत्रे छापलीही होती. पण सर्व १५० स्तोत्रांची पहिली गेलिक संहिता १६८४ मध्ये प्रसिद्ध झाली ती कर्क यांची. धर्मसभेची पूर्ण संहिता यायला आणखी दहा वर्षे लागली. त्यानंतरचे काम याहून किचकट होते. बिशप बेडेल यांच्या पुढाकाराने झालेले आयरिश बायबल आयरिश वळणाच्या अक्षरांत छापलेले होते आणि ती अक्षरे स्कॉटिश डोंगरी भागातल्या लोकांना वाचता येत नसत. कर्क यांनी ते रोमन अक्षरांत उतरवले आणि छपाईवर देखरेख करण्यासाठी १६८९-९० मध्ये लंडनमध्ये मुक्काम केला. ज्यांनी मोडी कागद बाळबोधीत उतरवले आहेत त्यांना हे काम किती डोळे आणि किती धीर खाते याची कल्पना येईल. सोबत कठीण आयरिश शब्दांचा एक छोटा कोशही त्यांनी जोडला. या उपक्रमामागे पैसा आणि पाठबळ होते रॉबर्ट बॉइल यांचे. वायूचा दाब आणि आकारमान यांचा नियम ज्यांच्या नावाने आपण शाळेत पाठ करतो, तेच हे बॉइल.

हा संबंध योगायोगाचा मानू नये. बॉइल यांना डोंगरी भागातल्या 'दुसऱ्या दृष्टी'विषयी मनापासून कुतूहल होते. दुसरी दृष्टी म्हणजे जे इतरांना दिसत नाही ते, विशेषतः येऊ घातलेले मृत्यू आणि अदृश्य लोक, आपसूक दिसणे. लॉर्ड टार्बट या स्कॉटिश उमरावाकडून त्यांनी या विषयावर माहिती घेतली होती आणि टार्बट यांनी त्यांना लिहिलेले पत्र पुढे कर्क यांनी आपल्या ग्रंथात समाविष्ट केले. लंडनमध्ये कर्क यांची एडवर्ड स्टिलिंगफ्लीट या विद्वान बिशपांशी आणि त्यांच्या पत्नीशी याच विषयावर बोलणी झाली. म्हणजे ग्रंथ लिहायला बसले तेव्हा कर्क यांच्यासमोर दोन श्रोते होते : एक, गावात ज्यांच्याकडून ऐकले ते गेलिक बोलणारे लोक, आणि दुसरे, लंडनचे ते शंकेखोर, सुशिक्षित वर्तुळ, ज्याला पुरावा हवा होता.

ग्रंथ

'द सीक्रेट कॉमनवेल्थ', अर्थात 'गुप्त राज्य', हा ग्रंथ १६९१-९२ च्या सुमाराचा आहे. नावातला 'राज्य' हा शब्द महत्त्वाचा आहे. कर्क यांनी परीकथा सांगितल्या नाहीत. त्यांनी एका समाजाचे वर्णन केले. त्या समाजात टोळ्या आहेत, दर्जे आहेत, लग्ने, मुले, दाया, मृत्यू आणि दफने आहेत. ते माणूस आणि देवदूत यांच्या मधले, दाट हवेसारख्या शरीराचे असून संधिप्रकाशात सर्वांत चांगले दिसतात. ज्या देशात राहतात त्या देशाचा पेहराव करतात आणि तिथली भाषा बोलतात. म्हणून स्कॉटलंडच्या डोंगरात ते चौकड्यांची प्लेड पांघरलेले दिसतात. वर्षाच्या दर चौथाईला ते बिऱ्हाड हलवतात, त्यामुळे त्या दिवसांत दुसरी दृष्टी असलेली माणसे प्रवास टाळतात, आणि त्यांतल्या पहिल्या रविवारी लोक न चुकता चर्चला येतात, ते स्वतःला, पिकाला आणि गुरांना त्यांच्यापासून राखण्यासाठी. या जागी कर्क यांनी एक बारीकशी कुरबूर नोंदवली आहे : हीच माणसे पुढच्या चौथाईपर्यंत पुन्हा चर्चमध्ये दिसत नाहीत. गावच्या धर्मोपदेशकाला हजेरीपटाची चिंता असणारच.

ग्रंथातली एक घटना जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तीत कर्क यांची पद्धत दिसते. १६७६ च्या सुमारास धान्याची टंचाई होती. एकमेकींपासून दूर राहणाऱ्या दोन बायांना एकाच रात्री एका 'शी'च्या टेकडीत पुरलेल्या धनाचा भास झाला. दोघी स्वतंत्रपणे तिथे गेल्या, तिथेच त्यांची गाठ पडली, खणल्यावर जुन्या नाण्यांनी भरलेले भांडे हाती लागले, ते त्यांनी वाटून घेतले आणि थाळीभर नाण्यांना थाळीभर पीठ अशा मापाने विकले. कर्क लिहितात की भरवशाच्या अनेक माणसांनी ती नाणी पाहिली आणि काहींकडे ती अजून आहेत. साल, ठिकाण, साक्षीदारांची संख्या, वस्तूचा मागमूस : लंडनच्या शंकेखोराला जे जे हवे ते येथे आहे. आणि थाळीला थाळी हे माप मात्र गावाचे आहे. उपाशी माणसाने नाण्याची किंमत पिठात मोजली, हा तपशील कुणी उगाच रचत नाही.

ग्रंथाचा एक हेतू उघड होता. आत्मे, देवदूत काहीच नाही असे म्हणणाऱ्यांना, म्हणजे कर्क यांच्या दृष्टीने नास्तिकतेच्या वाटेवर असलेल्यांना, उत्तर द्यायचे होते. त्यासाठी त्यांनी केलेला युक्तिवाद आजही विचार करायला लावतो. प्रत्येक युगाने पुढच्या युगासाठी काहीतरी शोधायचे शिल्लक ठेवले आहे. नौकानयन, छपाई, बंदुका, खोगीर-रिकिबी घालून घोड्यावर बसणे आणि सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या गोष्टी याही एकेकाळी तितक्याच नवलाच्या होत्या. जे सूक्ष्मदर्शकाला शक्य झाले ते काही डोळ्यांना जन्मतःच का शक्य असू नये, हा त्यांचा रोख आहे. युक्तिवाद पटणारा नाही, पण तो अडाणी माणसाचा नाही.

दुसरा हेतू तितका उघड नाही आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. स्कॉटलंडमध्ये १५६३ पासून चेटकाला मृत्युदंड होता आणि परीलोकाशी संबंध सांगणारी माणसे त्या कायद्याच्या कक्षेत ओढली जात होती. १५७६ मध्ये आयरशायरच्या बेसी डनलॉपने, आपल्याला औषधांची माहिती 'भल्या माणसां'कडे गेलेल्या एका मृत इसमाकडून मिळते, अशी कबुली दिली आणि तिला जाळण्यात आले. १५८८ मध्ये ॲलिसन पिअर्सनची गत तीच झाली. कर्क ॲबरफॉइलला लिहीत होते तेव्हा हा कायदा जिवंत होता. तो रद्द व्हायला १७३६ उजाडले. अशा वेळी परी म्हणजे सैतान नव्हेत, भूतही नव्हेत, ती ईश्वराने निर्माण केलेली मधली जात आहे, आणि ती ज्याला दिसते तो चेटक्या नसून निसर्गतःच तशी नजर लाभलेला माणूस आहे, असे एका पाद्र्याने बायबलचे दाखले देत मांडणे म्हणजे आपल्या गावातल्या माणसांच्या वतीने केलेली कैफियत होती. वर्गीकरणाचा कोरडा वाटणारा प्रश्न येथे जीव वाचण्या-जाण्याचा प्रश्न आहे.

इझोबेल आणि मार्गारेट

कर्क यांच्या प्रेमाविषयीचे पुरावे दगडात आणि धातूत आहेत. बालव्हिडरला असताना त्यांची पहिली पत्नी इझोबेल कॅम्पबेल १६८० च्या नाताळच्या दिवशी गेली. वय सुमारे २५, मागे दोन लहान मुले. तिच्या थडग्यावर इंग्रजीत एक छोटी कविता आहे. डोळे कोरडे असले तरी दगड रडतात आणि सर्वांत सुंदर फुले सर्वांत आधी कोमेजतात, अशा तिच्या पहिल्या ओळी आहेत. ती अक्षरे कर्क यांनी स्वतःच्या हाताने कोरली असे सांगतात. त्यानंतर चार वर्षांनी, स्तोत्रसंहिता प्रसिद्ध झाली त्याच १६८४ साली, त्यांनी बालव्हिडरच्या चर्चला एक घंटा दिली. तीवर त्यांचे नाव, साल आणि दोन क्रियापदे आहेत : 'प्रेम करा आणि जगा'. या दोन वस्तू समोर ठेवल्या की चार वर्षांचे अंतर काय होते ते निराळे सांगावे लागत नाही.

पुढे त्यांनी इझोबेलचीच चुलत बहीण मार्गारेट कॅम्पबेल हिच्याशी लग्न केले. या दुसऱ्या लग्नाविषयी बोलण्यासारखे फार नाही, पण दंतकथेचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. कारण १६९२ च्या मे महिन्यात ती गरोदर होती.

मृत्यू आणि उत्तरार्ध

पाद्र्याच्या घराजवळ डून हिल ही झाडीने भरलेली टेकडी आहे. कर्क संध्याकाळी तिच्या बाजूला फिरायला जात. गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार त्या दिवशी ते रात्रीच्या झग्यावरच बाहेर पडले, टेकडीवर कोसळले आणि मृत म्हणून त्यांना पुरले गेले. पुढची कथा ॲबरफॉइलचेच नंतरचे धर्मोपदेशक पॅट्रिक ग्रॅहम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पर्थशायरच्या निसर्गस्थळांवरील पुस्तकात दिली, आणि १८३० मध्ये प्रसिद्ध स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी ती पुन्हा सांगितली. तिचा सारांश असा.

दफन झाल्यावर कर्क एका नातेवाइकाला दिसले आणि म्हणाले, 'डुक्रेच्या ग्रॅहमला जाऊन सांग. तो माझाही चुलत भाऊ आहे आणि तुझाही. मी मेलेलो नाही. मला भोवळ आली आणि मला परीलोकात नेले, तिथे मी आहे. माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला सगळे जमतील तेव्हा मी त्या खोलीत येईन. त्या वेळी ग्रॅहमने हातातला सुरा माझ्या डोक्यावरून फेकला तर मी सुटेन आणि पुन्हा माणसांत येईन.' मूल जन्मले, बाप्तिस्म्याचा दिवस आला, पाहुणे जेवायला बसले आणि कर्क खरोखरच दारातून आत आले. ग्रॅहम त्यांच्याकडे बघतच राहिला. सुरा हातातच राहिला. कर्क खोली ओलांडून दुसऱ्या दाराने निघून गेले आणि पुन्हा दिसले नाहीत.

आता ही कथा ग्रंथाशेजारी ठेवून पाहू. कर्क यांनी लिहिले होते की बाळंतिणींना परीलोकात दाई म्हणून पळवून नेतात आणि त्यांच्या जागी त्यांची एक खादाड, झुरत जाणारी प्रतिमा ठेवून देतात. ती प्रतिमा मेली की लोक तिलाच खरी समजून पुरतात. कथेत नेमके तेच होते, फक्त बाळंतिणीच्या जागी स्वतः लेखक आहे. काही जण तर शवपेटीत दगडच होते असे सांगतात. कर्क यांनी लिहिले होते की प्रत्येक माणसाचा एक 'सहचर', म्हणजे त्याच्यासारखा हुबेहूब जोडीदार असतो, जो दफनाच्या आणि मेजवानीच्या पंगतीत येऊन बसतो आणि फक्त दृष्टी असलेल्यांना दिसतो, म्हणून ते लोक तिथले मांस खात नाहीत. कथेत कर्क येतात ते पंगतीतच. कर्क यांनी लिहिले होते की पृथ्वीवरच्या कोणत्याही वस्तूला ते लोक थंड लोखंडाइतके भीत नाहीत, आणि लोकांकडून ऐकलेले त्याचे कारणही दिले होते : नरक हा उत्तरेकडे, हिमवादळे आणि उकळत्या धातूंच्या मध्ये आहे, चुंबकाची सुई उत्तर दाखवते ती त्यामुळेच, आणि लोखंडाच्या वासाने त्यांना तिथल्या यातनांची आठवण होते. कथेत सुटकेचे साधन सुरा आहे. प्रसूतीच्या वेळी बाईच्या अंथरुणात पाव, बायबल किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात, ही नोंदही त्यांचीच. (आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा, सुरी किंवा अडकित्ता ठेवत, आणि पाचवीच्या रात्री सटवाई नशीब लिहायला येई त्या खोलीतही तो असे. लोखंडाविषयीचा हा विश्वास इतक्या दूरच्या दोन मुलुखांत सारखा कसा, यावर अटकळी पुष्कळ आहेत. येथे एवढेच पुरे की कर्क यांची ही नोंद मराठी वाचकाला परकी वाटत नाही.)

म्हणजे कथेतली एकही हालचाल ग्रंथाच्या नियमाबाहेर जात नाही. पण ग्रंथ गावकऱ्यांनी वाचला असण्याची शक्यता अगदी कमी आहे. तो इंग्रजीत होता, हस्तलिखितात होता, आणि १६९१ साली छापलेली अशी एकही प्रत कुणाच्या हाती आलेली नाही. तो पहिल्यांदा छापला गेला तो १८१५ मध्ये, स्कॉट यांच्या पुढाकाराने, आणि तोही १०० प्रतींपुरता. पुढे १८९३ मध्ये लोककथांचे अभ्यासक अँड्र्यू लँग यांनी त्याची नवी आवृत्ती काढली. पॅट्रिक ग्रॅहम यांनी कर्क यांची दंतकथा छापली ती १८१५ च्या आधी. उत्तरार्ध असा पूर्वार्धाच्या आधी वाचकांपर्यंत पोहोचला. दोन्हींमधले साम्य पुस्तकातून गावात गेलेले नाही. गावाकडे जी नियमावली होती तिचा काही भाग कर्क यांनी लिहून घेतला, आणि त्याच नियमावलीने गावाने त्यांचीच कथा रचली.

शिक्षेची कल्पना

या प्रकरणाची आज सर्वत्र मिळणारी आवृत्ती अशी : कर्क यांनी परींची गुपिते फोडली, म्हणून त्यांनी त्यांना पकडून नेले. पर्यटकांना हेच सांगितले जाते आणि कादंबऱ्यांनाही हेच सोयीचे आहे. त्यामागे मोठा वाटा स्कॉट यांचा आहे. आपले खरे नाव घेतलेलेही ज्यांना खपत नाही असे चिडके लोक, आपल्या रहस्यांत इतके खोल डोकावून ती जगाला सांगायला निघालेल्या लेखकावर रुष्ट झाल्याखेरीज कसे राहतील, असा तर्क त्यांनी कथा सांगताना मिश्किलपणे केला आहे.

मला हा तर्क शहाण्या वाचकाचा वाटतो, गावाचा नाही. डुक्रेच्या ग्रॅहमकडे पोचलेल्या निरोपात कर्क कुठेही म्हणत नाहीत की मी लिहिल्याबद्दल मला धरले. भोवळ आली आणि नेले, एवढेच. संध्याकाळी 'शी'च्या टेकडीवर एकट्या माणसाला भोवळ आली, तर गावाच्या हिशेबाने आणखी कारणाची गरज नव्हती. ते शेतकऱ्यालाही झाले असते. ग्रंथ हाच गुन्हा ठरवणे त्यालाच सुचेल, ज्याच्या दृष्टीने ग्रंथ ही जगातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. गावाच्या कथेत कर्क यांचे पांडित्य गैरहजर आहे. तिच्यात बायको, पोटातले मूल, चुलत भाऊ आणि जेवणाची पंगत आहे. त्यांना सोडवण्याचा अधिकार विद्येला दिलेला नाही, नात्याला दिलेला आहे. आणि सुटका फसते ती नियम माहीत नव्हता म्हणून नव्हे. नियम सांगितलेला होता, सुरा हातात होता, पण गेलेला आपला माणूस दारातून येताना पाहून ग्रॅहम थिजला. इतक्या अस्सल मानवी कारणाने फसलेली सुटका मी दुसऱ्या कोणत्याही लोककथेत वाचलेली नाही.

यावर एक आक्षेप निघू शकतो. पॅट्रिक ग्रॅहम यांनी कथा लिहून घेतली तेव्हा मृत्यूला शंभरावर वर्षे झाली होती. ते स्वतः पाद्री होते. त्यांनी तिला सभ्य रूप दिले नसेल कशावरून? आक्षेप रास्त आहे. तरीही पाद्र्याने कथा सुधारायची ठरवली असती तर पापाला शिक्षा हे सूत्र त्याला आयतेच होते. ते त्यांनी घातले नाही, यावरून ते त्यांना मिळाले नसावे असे मला वाटते.

अभ्यासकाची जागा

कर्क यांचे वेगळेपण नंतरच्या संकलकांशेजारी ठेवले की स्पष्ट होते. लंडनमध्ये १८७८ मध्ये लोकसाहित्याची संस्था स्थापन झाली आणि प्रश्नावल्या पाठवून समजुती गोळा करण्याची पद्धत साम्राज्यभर रुळली. मुंबई इलाख्यात हे काम करणाऱ्यांत नाशिकचे कलेक्टर जॅक्सन होते. शाळामास्तरांकडून त्यांनी मागवलेली टिपणे, त्यांचा १९०९ मध्ये नाशिकला वध झाल्यानंतर, ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेन यांनी १९१४-१५ मध्ये गुजरात आणि कोकण अशा दोन भागांत छापली. कोकणच्या भागात देवचार आहेत, आसरा आहेत, आणि तळटिपेत माहिती देणारा म्हणून 'अमुक गावचा शाळामास्तर' एवढीच ओळख. साहित्य अमोल आहे. पण विचारणारा कचेरीत आहे आणि सांगणारा गावात. जॅक्सन यांचे संस्कृत उत्तम होते, लोक त्यांना विद्वान मानत. तरी कोकणातल्या कुठल्याही गावाने त्यांना देवचाराच्या कथेत घेतले नाही. कर्क गेलिक बोलत, त्याच मातीत जन्मले, सांगणाऱ्यांची लग्ने लावत आणि त्यांची मढी पुरत. कुणी आपल्याला आपल्या गोष्टीत पात्र करून घेणे, हा लोकसाहित्याच्या अभ्यासकाला मिळू शकणारा बहुधा एकमेव गावठी सन्मान आहे, आणि त्याची किंमत या प्रकरणात बरीच महाग पडली.

सद्यःस्थिती

डून हिलच्या माथ्यावर ओकच्या झाडांमध्ये एक पाइन वृक्ष आहे. त्याला पाद्र्याचा पाइन म्हणतात आणि कर्क यांचा जीव त्यात कोंडलेला आहे असे सांगतात. भोवतालचे ओक म्हणजे पहारा देणाऱ्या परी. फांद्यांना चिंध्या, फिती आणि इच्छा लिहिलेल्या चिठ्ठ्या बांधलेल्या असतात. ग्रंथात असले झाड नाही. ही भर नंतरची आहे आणि तिचा सूर जुन्या कथेपेक्षा मवाळ आहे : कैदी आता मागणे ऐकणारा झाला आहे.

जुना सूर मात्र विझलेला नाही. परीकथांच्या अभ्यासक कॅथरीन ब्रिग्ज यांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक तरुण स्त्री भेटली. ती ॲबरफॉइलच्या पाद्र्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहिली होती, तिला दिवस गेले होते, आणि बाळंतपणाच्या आत त्या घरी परत पोहोचण्याची तिला घाई होती. तिला कुणीतरी सांगितले होते की त्या घरात मूल जन्मून तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्या वेळी कुणी कर्क यांच्या खुर्चीत कट्यार रोवली, तर ते अजूनही सुटू शकतात. सुरा डोक्यावरून फेकायचा होता, तो आता खुर्चीत रोवायचा आहे. चुलत भाऊ राहिला नाही, तेव्हा कुणीही चालेल. आपले मूल आणि एका अनोळखी पाद्र्याची अडीचशे वर्षांची कैद यांची सांगड त्या बाईने विनातक्रार घातली होती, आणि तिची चिंता एवढीच होती की दिवस भरण्याआधी ॲबरफॉइल गाठता यावे.